वाचणाऱ्याला माहीत नको

सरांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, थर्मामीटर असायचं. तापाचं नाही, प्रयोगशाळेतलं, वीतभर लांब काचेची कांडी. पेन ते कोणाचंही मागून घेत आणि परत द्यायला विसरत. कांडी मात्र प्लास्टिकच्या नळीत, बुडाशी कापूस घालून ठेवलेली असे. मुलं पाठीमागे त्यांना पारा म्हणत. सरांना ते ठाऊक होतं. एकदा ते वर्गात यायच्या आधी कोणीतरी फळ्यावर लिहून ठेवलं, 'पारा येत आहे'. सरांनी ते वाचलं, कांडी काढून पाहिली, त्याच्यापुढे 'एकोणचाळीस' लिहिलं आणि शिकवायला लागले.

ते अकोल्याचे. नोकरी अमरावतीच्या कॉलेजात, ट्रान्झिस्टर शिकवायचे. रोज सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरत आणि तिथून ऑटोने येत. वाटेत मूर्तिजापूरला गाडी थांबली की खिडकीतून हात बाहेर काढून कांडी धरत. लोकांना वाटे, हा माणूस काही विकतो आहे. अमरावतीत खोली घ्या, रोजची धावपळ कशाला, असं मोठ्या साहेबांनीही सांगून पाहिलं. सर म्हणाले, "इथं राहिलो त मले रोजचे दोन अंश कमी भेटतीन साहेब."

अकोल्याच्या उन्हाचा त्यांना अभिमान होता. त्यावरून लायब्ररीच्या शिपायाशी दर उन्हाळ्यात त्यांचं वाजायचं. शिपाई अमरावतीचा. तो पेपर घेऊनच यायचा.

"पाहा सर, काल दोनीकडं सारखंच. चव्वेचाळीस."

"पेपरवाल्याची कांडी कुलरसमोर लटकली असन."

"मंग अकोल्याच्या पेपरवाल्याची काय चुलीवर हाये?"

यावर सर म्हणत, "हं." कोणतीही गोष्ट ऐकली, पटो की न पटो, की ते हं म्हणत. राग नाही, आनंद नाही. ऐकलं आणि ठेवून घेतलं, एवढाच त्याचा अर्थ.

कँटीनमध्ये चहा आला की त्यात कांडी बुडवत. साठाच्या खाली आल्याशिवाय पीत नसत. कँटीनवाला वैतागे. "सर, याच कांडीनं परवा त्या पोट्ट्याचा ताप पाह्यला ना तुमी? आन आता चहात?"

"धुतली ना बावा."

"कायनं?"

"कालच्या चहानं."

माझे मालक त्या कॉलेजात शिपाई होते. ते गेल्यावर मला तिथे रोजंदारीवर घेतलं आणि प्रयोगशाळेत लावलं. माझं माहेर नांदगाव खंडेश्वरकडचं. गावात शाळा चौथीपर्यंत होती, मीही तेवढीच शिकले. वाचता येत होतं, पण चार माणसांत बोलणं जमत नसे. झाडणं, पुसणं, मुलं गेल्यावर वायरी गुंडाळून ठेवणं, ही कामं न बोलता होतात. म्हणून मला ती बरी वाटली.

प्रयोगशाळा तिसऱ्या माळ्यावर, पत्र्याखाली. टेबलांवर बारा बोर्ड मांडलेले. प्रत्येक बोर्डाच्या मधोमध एक ट्रान्झिस्टर, तीन पायांचा, हरभऱ्याच्या दाण्याएवढा. मुलांनी त्याचे चार आकडे काढायचे असत. त्यांना हायब्रीड पॅरामीटर म्हणतात. दरवर्षी पहिल्या दिवशी सर तेच सांगत आणि मी कोपऱ्यात पुसता पुसता ऐके.

"याले डब्बा समजा. दोन दारं हायेत, पुढचं आन मागचं. डब्बा खोलून पाहायचा नाही. एक दार बांधून ठेवा, दुसऱ्यावर ठोका, काय होते ते लिहा. मंग दुसऱ्याकडून करा. चार आकडे भेटले का डब्बा समजला. खोलाले कोण लागते?"

एक दिवस पाच वाजता मुलं गेल्यावर सरांनी मला विचारलं, "बाई, आकडे वाचता येतात?"

मी मान हलवली.

"पॉइंटवाले?"

ते येत नव्हते. त्यांनी दहा मिनिटांत शिकवले. मग मीटर कसा वाचायचा ते सांगितलं. मीटरच्या काट्याखाली आरशाची बारीक पट्टी असते. आपण तिरपं पाहिलं तर काटा वेगळा आणि आरशातला काटा वेगळा दिसतो. "एक डोळा मिटा," सर म्हणाले. "काट्याखाली आरशातला काटा झाकून गेला पायजे. दोघं एक झाले का मंग वाचा. त्याच्या आधी तोंड उघडू नका."

मग ते मीटरकडे पाठ करून खुर्चीवर बसले, वही मांडीवर घेऊन. पुढच्या दाराच्या मीटरचा काटा त्यांनी आधीच चाळीसवर आणून ठेवला होता. मागच्या दाराला किती येतं ते मी वाचायचं.

"चार पॉइंट पाच," मी म्हटलं.

"हं." त्यांनी कांडी पाहिली, अंश लिहिले, पुढे माझा आकडा लिहिला. काम संपलं.

असं आठ वर्षं चाललं. आठवड्यातून तीन दिवस, पाच वाजता, सात नंबरच्या बोर्डावर. दरवाजाला सर वीट लावून ठेवत, सताड उघडा. तरी लोकांनी बोलायचं ते बोललंच. लायब्ररीचा शिपाई जिन्यात भेटला की म्हणे, "काय बाई, आज किती चढला पारा?" पहिल्यांदा मी घरी जाऊन रडले. नंतर नाही. एकमेकांकडे पाठ करून बसणाऱ्या दोन माणसांबद्दल किती दिवस बोलणार?

तिसऱ्या महिन्यात मी धीर करून विचारलं, "सर, इथं एवढे शिकलेले लोक आहेत. मीच काहून?"

"शिकलेल्याले माहीत असते, काय आलं पायजे ते. त्याचा डोळा तिकडंच सरकते. वाचणाऱ्याले माहीत नको आन लिहिणाऱ्याले दिसाले नको. तवा आकडा खरा येते. तुमच्यासारखं माणूस मले या कॉलेजात दुसरं नाही."

मी आठ दिवस खुशीत होते. नंतर लक्षात आलं, त्यांनी माझ्या माहीत नसण्याची तारीफ केली होती. मग एकदा विचारलं, "सर, आपण वाचतो ते कशाचं आहे? बरोबर येते काय?"

"आकडा आला तो आला. बरोबर कोणता ते मी सांगत नाही. तुमाले समजलं का तुमी बिघडल्या."

मी पुन्हा विचारलं नाही.

सर आपल्या विद्यार्थ्यांना रागावत नसत. मुलं आकडे मीटरवरून घेत नसत, मागच्या वर्षीच्या फायलीतून घेत. फाइल कधीतरी कोणीतरी थंडीत खरी केलेली होती, आणि ती वर्षानुवर्षं उतरत आली होती. त्यात मागच्या दाराचा आकडा होता चार पॉइंट चार. सर ती फाइल तपासताना कडेला लाल पेनाने एकच शब्द लिहीत, 'अंश?'. ट्रान्झिस्टर तापला की आकडा वाढतो, म्हणून किती अंशांत मोजलं ते लिहायलाच हवं, असं त्यांचं म्हणणं. मुलं लिहीत नसत. सर सही करून टाकत.

नवीन मुलगा आला की इतर मास्तर आडनाव विचारत. सर विचारत, "तुह्या गावी काल किती होतं?" ती कोरडी वर्षं होती. पेपरात रोज काय यायचं ते सगळ्यांना ठाऊक आहे, मी लिहीत नाही. एकदा आमच्या नांदगावकडचा एक मुलगा उभा राहून बोलला, "सर, आमच्याकडं पाणीच नाही पडून राह्यलं आन तुमी अंश विचारून राह्यले?" वर्गात कोणी हसलं नाही. सर म्हणाले, "हं." पुढच्या सोमवारी त्यांनी खेड्यांतून येणाऱ्या सगळ्या मुलांना एकेक स्वस्तातली कांडी आणून दिली. घराबाहेर सावलीत टांगा, रोज दुपारी लिहा. कशासाठी, ते सांगितलं नाही. तो मुलगा दिवाळीनंतर आला नाही. पुण्याकडे कुठे कंपनीत लागला असं कळलं. बाकीच्यांच्या कांड्या फुटल्या, एकीची बकरीने दोरीसकट ओढून नेली. वर्षाअखेरीस पूर्ण वही भरून आणली ती एकाच मुलीने. नाझियाने.

नाझिया वलगावची. तिच्या वडिलांचं मोटारी बांधायचं दुकान होतं. विहिरीवरच्या पंपाची मोटार जळाली की लोक त्यांच्याकडे आणत, ते तांब्याची तार नव्याने गुंडाळून देत. त्या वर्षांत विहिरींना पाणी नव्हतं. पंप चालत नव्हते, म्हणून मोटारी जळतही नव्हत्या. बांधून तयार झालेल्याही न्यायला कोणी येईना. नाझियाचे हात वडिलांसारखे होते. वायर पकडली की ती तिच्या बोटांत सरळ होई. मुलं गेल्यावर ती मला वायरी गुंडाळू लागे.

"मौसी, तुमी उलटी गुंडाळून राह्यल्या. तार रडते अशानं."

"रडू दे. सकाळी पुन्हा खोलायचीच हाये ना."

ती शेवटच्या वर्षाला होती. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात वायरी गुंडाळताना ती म्हणाली, "मौसी, अब्बा साफ बोल दिये. एक बार में हुआ तो हुआ. फेल हुई तो घर बैठ, दूसरी बार फीस नहीं." म्हणाली आणि हसली. हसली म्हणून मला ते खरं वाटलं.

इथे एक गोष्ट लिहायला हवी. तोवर मला माहीत झालं होतं. आठ वर्षं मुलांच्या मध्ये झाडू मारणारीला, चार पॉइंट चार हा आकडा किती वेळा कानावर पडेल? "अबे, चार पॉइंट चार लिही ना, पाहून काय राह्यला?" हे मी शंभरदा ऐकलं होतं. थंडीत आमचा काटा तिथेच येतो आणि उन्हाळ्यात वर सरकतो, हेही मला समजलं होतं. वाचायला बसले की मी काट्याच्या आधी मनात आकडा धरायची आणि मग पाहायची. बहुतेक वेळा तोच यायचा. हे मी सरांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पाच वाजताचं ते काम गेलं असतं. दिवसभरात कोणी मला काही विचारायचं आणि माझं उत्तर लिहून घ्यायचं, असं तेवढं एकच काम होतं.

परीक्षा एप्रिलच्या शेवटी आली. बाहेरचे परीक्षक अकोल्याहूनच आले होते, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाण्याची बाटली घेऊन. भारनियमन होतं. बाराला लाइट गेली ती तीनला येणार होती. सरांनी बोर्डांना बॅटऱ्या जोडून दिल्या आणि परीक्षा सुरू झाली. पंखे बंद, वर पत्रा. परीक्षक खाली मोठ्या साहेबांच्या खोलीत जाऊन बसले. अकरा मुलांनी अर्ध्या तासात आकडे लिहून टाकले आणि ती वाऱ्याला जिन्यात गेली. नाझियाला सात नंबरचा बोर्ड आला होता. ती दोन तास एकटी बसून वाचत होती. एक डोळा मिटून. घाम कागदावर पडू नये म्हणून ओढणीचं टोक कपाळाला बांधलं होतं.

साडेतीनला परीक्षक वर आले. पंखे सुरू झाले होते. त्यांनी कागद पाहिले. अकरा कागदांवर मागच्या दाराचा आकडा चार पॉइंट चार. नाझियाचा पाच पॉइंट एक. तिच्या कागदाच्या डोक्यावर लिहिलं होतं, त्रेचाळीस अंश.

"हे कसं काय?" परीक्षक म्हणाले.

"म्या पाहूनच लिहिलं सर."

ते सात नंबरच्या बोर्डापाशी गेले, बटण दाबलं, स्वतः वाचलं. "इथे चार पॉइंट आठ आहे. पुस्तकाशी जुळत नाही, बाकीच्यांशी जुळत नाही, मीटरशीही जुळत नाही. मनानं लिहिलंय हिनं." त्यांनी पेन काढलं. या प्रयोगावर निम्मे मार्क होते. नाझियाने माझ्याकडे पाहिलं. का पाहिलं कोण जाणे, मी तर कोपऱ्यात फडकं घेऊन उभी होते.

सर म्हणाले, "साहेब, अर्धा तास द्या. तवा पंखे बंद होते."

"मग?"

"मंग आता बंद करू."

सरांनी पंखे बंद केले. एकेक करून सगळ्या खिडक्या लावल्या. शेवटी दरवाजाची वीट पायाने सरकवून दरवाजा लावून घेतला. आठ वर्षांत तो दरवाजा दिवसा लागलेला मी पहिल्यांदा पाहिला. बाहेर मुलं काचेला नाक लावून उभी राहिली. आत आम्ही चौघं.

परीक्षक मीटरपाशी बसायला गेले तसे सर म्हणाले, "तुमी वाचू नका. मीबी वाचत नाही. तुमाले चार पॉइंट चार पायजे, मले पाच पॉइंट एक पायजे. आपले दोघांचेबी डोळे कामाचे नाहीत. आमच्या बाई वाचतीन."

"या? यांना यातलं काय कळतं?"

"तेच त," सर म्हणाले.

मी बसले. सर नेहमीसारखे पाठ करून बसले, एका हातात कांडी, मांडीवर कागद. परीक्षकांनाही त्यांनी खुर्ची फिरवायला लावली. नाझिया भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"सुरू," सर म्हणाले.

"चार पॉइंट आठ."

"हं. छत्तीस."

पाच मिनिटं गेली. "चार पॉइंट आठ."

"हं. सदोतीस."

पत्रा वर कडकड वाजत होता. परीक्षकांनी शर्टाची दोन बटणं काढली. बाटलीतलं पाणी संपलं. "तुम्ही अकोल्याचेच ना?" ते सरांना म्हणाले. "कसं सहन होतं हो?"

"तुमीबी अकोल्याचेच."

"माझ्याकडे कुलर आहे."

"तेच चुकलं," सर म्हणाले. ते खुशीत होते. माझ्याकडे पाठ होती तरी मला कळत होतं.

"चार पॉइंट नऊ."

"हं. एकोणचाळीस."

काचेबाहेरची मुलं एकमेकांना ढकलत पुढे आली होती. त्यांनाही आता समजलं होतं की काटा चढतो आहे, आणि तो कुठे चालला आहे. पुढच्या वेळीही चार पॉइंट नऊ. चाळीस. परीक्षक उठून उभे राहिले. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. "बस झालं. हे शेवटचं. आलं तर आलं, नाही तर मी लिहितो ते लिहितो."

"एकेचाळीस," सर म्हणाले. "वाचा बाई."

मी डोळा मिटला. काटा आणि आरशातला काटा एक झाले. ते पाचवर होते. बरोबर पाच. पाचच्या पुढची बारीक रेघ रिकामी होती, काटा तिच्यापर्यंत गेला नव्हता. मी पुन्हा पाहिलं. भिंतीशी नाझियाची ओढणी घामाने काळी पडली होती.

"पाच पॉइंट एक," मी म्हटलं.

सरांचं पेन थांबलं. कांडी त्यांच्या हातात होती. एकेचाळीस अंशांत सात नंबरचा बोर्ड किती देतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. आठ वर्षांचे आकडे त्यांना पाठ होते. मी वाट पाहिली. त्यांनी पाच पॉइंट एक लिहिलं. हं म्हणाले नाहीत.

परीक्षकांनी खिडकी उघडली आणि तोंड बाहेर काढून उभे राहिले. मग नाझियाच्या कागदावर सही केली. पूर्ण मार्क दिले. पेन खिशात ठेवता ठेवता त्यांना आठवलं. "पण मग हे अकरा जण? बारा बोर्ड, आणि अकरांचा एकच आकडा?"

"ते हिवाळ्यातले पोट्टे हायेत साहेब," सर म्हणाले. "त्याईले हिवाळ्यातच पास करून टाका."

परीक्षकांनी सगळ्यांना पास केलं. त्यांना पाचची गाडी धरायची होती.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी गेले. न जाण्याचा विचार दिवसभर केला होता. सर खुर्चीवर होते, वही उघडी. आदल्या दिवसाच्या ओळीत अंश लिहिलेले, एकेचाळीस. पुढची जागा कोरी.

"किती होतं बाई?"

"पाच."

"हं," सर म्हणाले, आणि कोऱ्या जागेत पाच लिहिलं.

मला वाटलं आता बोलतील. मी फडक्याचं टोक पिळत उभी राहिले. ते उठले, मीटरसमोरची माझी खुर्ची उचलली आणि फळ्यासमोर नेऊन ठेवली. "बसा. कवापासून माहीत हाये?"

"दोन वर्षं झाले."

"मंग अर्धवट माहीत ठेवण्यात काय मतलब?" त्यांनी फळ्यावर चौकोन काढला, त्याला दोन दारं काढली. "घर समजा. मागचं दार बांधून ठेवलं आन पुढच्या दारी कोणी आलं, त घर त्याले किती अडवते, हा पह्यला आकडा. पुढं थोडंसं देल्लं त मागून किती निघते, हा दुसरा. तुमी वाचत होत्या तो हाच. पुढचं दार तसंच सोडलं, कोणी काही देल्लं नाही, तरी मागून किती झिरपते, हा तिसरा. आन मागच्या दारी कायबी झालं त पुढच्या दारी त्याची चाहूल किती लागते, हा चवथा. हा लय बारीक असते. पोट्टे त मोजतच नाहीत. पण असते."

तीन दिवस संध्याकाळी त्यांनी मला ते चारही आकडे काढायला शिकवले. मी स्वतः वायरी जोडल्या, स्वतः वाचले, स्वतः भागाकार केले. भागाकार चौथीतला होता. चौथा आकडा काढायला मला पूर्ण एक संध्याकाळ लागली.

सात नंबरच्या बोर्डासाठी सर दुसरा वाचणारा शोधत राहिले. वॉचमनला जवळचं दिसत नव्हतं. कँटीनवाला एक दिवस बसला आणि म्हणाला, "सर, तुमीच सांगा ना, पाच म्हणू का साडेपाच? आपल्याले काय फरक पडते?" लायब्ररीच्या शिपायाला विचारणं शक्यच नव्हतं, तो अमरावतीचा आकडा मुद्दाम चढवून सांगेल असा सरांना संशय होता. माझ्यानंतर वहीत फार ओळी झाल्या नाहीत. पुढच्या वर्षी सर निवृत्त झाले आणि वही घेऊन अकोल्याला गेले.

नाझिया पास झाली. पुढे परतवाड्याला एका तांत्रिक शाळेत शिकवायला लागली. तिला अजून वाटतं की त्या दिवशी काटा पाच पॉइंट एकवर आला होता. मी सांगितलं नाही. तिचा आकडा खराच होता, त्रेचाळीस अंशांतला. खोटा माझा होता.

माझ्या मुलीचं सासर अकोल्याचं. एका मे महिन्यात तिच्याकडे गेले होते, तेव्हा विचारत विचारत सरांचं घर काढलं. ते ओसरीवर बसले होते. डोळे गेले होते, जवळजवळ पूर्ण. मी आवाज दिला तसं म्हणाले, "बाई का?" मी चहा घेतला. त्यांनीही घेतला. कप हातात धरून बराच वेळ थांबले, मग प्याले. कांडी ओसरीच्या खांबाला, सावलीत, तारेने बांधलेली होती.

"भाची वाचून सांगते," सर म्हणाले. "रोज पंचेचाळीस सांगते. मले खूश ठेवाले पाहाते. मले समजत नाही काय?" मग म्हणाले, "आज पेपरात अमरावतीचं चव्वेचाळीस हाये म्हणे."

"हो. मीबी वाचलं."

"पाहा जरा, आपलं किती हाये."

मी उठले. कांडी उंच बांधली होती, म्हणून पायरीवर चढून डोळा पाऱ्याच्या सरळीत आणला. सर मान वर करून ऐकत होते. त्यांना काय ऐकायचं आहे ते मला पूर्ण माहीत होतं. एक डोळा मिटला आणि पाहिलं.

"त्रेचाळीस," मी म्हटलं.

रस्त्यावरून एक ऑटो गेला.

"हं," सर म्हणाले. मग बाजूला चाचपून वही काढली, तीच, कडा झिजलेली, आणि माझ्याकडे धरली. "मले दिसत नाही. तुमीच लिहा."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि लिहिलं.